तिसऱ्यांदा विचारा

“जागा एकच उरली आहे. तुमच्या दोघींपैकी ती कोणाला मिळावी?”

परदेशी शाळेकडून आलेल्या मिस कॅरलचा प्रश्न मी मुलींना फारसीत सांगितला. मुर्सल खाली बघत म्हणाली, “फरोझानला.” फरोझान लगेच म्हणाली, “छे, छे! मुर्सललाच द्या.” मिसने वहीत लिहिलं, ‘दोघींनाही आत्मविश्वास नाही.’

बारा वर्षं मी काबूलच्या या दोन खोल्यांत परदेशी निवासी शाळांसाठी मुलं निवडते आणि तयार करते. काट्याने बटाटा कसा खायचा, मोठ्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची, सात भावंडांत झोपणाऱ्या पोराने एकट्याने कसं झोपायचं, सगळं शिकवते. आजवर एकतीस मुलं पाठवली. मी स्वतः जलालाबादच्या पुढे गेलेली नाही. मुलाखतीत माझं काम फक्त भाषांतराचं, एरवी तोंडात मूग धरून बसायचं.

पण या दोघींना वसंतात सोळा वर्षं पूर्ण होणार होती आणि मग वयाची अट आडवी येणार होती. आज नाही तर कधीच नाही. चूक माझीच होती. आमच्याकडे पाहुण्यापुढे पुलावाची परात तीनदा सरकवतात, पहिल्या दोन वेळा त्याने नाही म्हणायचं असतं. याला आम्ही तआरुफ म्हणतो. हे इतकं अंगात मुरलेलं की मिसला सांगायचं मला सुचलंच नाही.

“मिस, ती ओळ खोडा,” मी म्हणाले.

“काय?”

“पहिल्या नकाराला आमच्याकडे कोणी नकार धरत नाही. पुन्हा विचारा. मग तिसऱ्यांदा विचारा.”

“हुमैरा, सगळ्या देशांतल्या मुलांना आम्ही एकदाच विचारतो. नियम आहे तो.”

माझा पारा चढला. “मग बाहेर धाकट्या वर्गांच्या जागांसाठी सात मुलं बसलीत, त्यांच्याशी खाणाखुणांनी बोला. मी चालले.” मी खरंच चादर खांद्यावर घेतली.

मिसने मला हाताने थांबवलं. मग तिने पुन्हा विचारलं. दोघींनी पुन्हा एकमेकींची नावं सांगितली. तिसऱ्यांदा विचारल्यावर फरोझान पुटपुटली, “मला हवी आहे.”

मुर्सलने मान वर केली. “मलाही हवी आहे. हिच्याइतकीच. पण हिच्या हातातून ओढून नको. उस्ताद, यांना विचारा ना, दोघींना इथवर आणलंत, मग जागा एकच का?”

मी जसंच्या तसं विचारलं. मिसचे कान लाल झाले. “माझ्या हातात एकच आहे,” ती म्हणाली आणि आधी ‘हवी’ म्हणालेल्या फरोझानचं नाव तिने लिहिलं.

फरोझान मुर्सलच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. “अगं वेडे, नाक पूस,” मुर्सल म्हणाली. “तिथे अशी रडलीस तर परत पाठवतील. जा, आईला सांग.” फरोझान धावत गेली. भांडले मी दोघींसाठी आणि मिळालं एकीलाच. मुर्सलकडे बघायची माझी हिंमत होईना.

मिसलाही बरं वाटत नसावं. तिने पिशवीतून एक निळी लोकरी टोपी काढली. वर शाळेचं नाव विणलेलं होतं. ती तिने मुर्सलपुढे धरली.

मुर्सलने छातीवर हात ठेवला. “मेहरबानी. नको.”

मिस माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. आता तिला रीत कळली होती. तिने टोपी पुन्हा पुढे केली.

“नको.”

तिसऱ्यांदा तिने टोपी मुर्सलच्या हातातच दिली. मुर्सलने ती घेतली, नीट घडी घातली आणि मिसच्या वहीवर ठेवली.

“उस्ताद, यांना सांगा, मी तआरुफ करत नाहीये.”

एकही शब्द मऊ न करता मी ते मिसला सांगितलं.