गार झाल्यावर गळणारी गाडी

मी एक जुनी पावाची गाडी आहे. मित्रांनो, माझ्या पाठीमागच्या दारात अजूनही भाजलेल्या पिठाचा वास आहे. नवी होते तेव्हा माझा रंग निळा होता. आता तो कुठला म्हणावा, मलाच कळत नाही.

बेकरीवाले काका मला उजाडताच बाहेर काढायचे. मुले खिडकीतून "आली, आली!" ओरडायची. पुढे गिऱ्हाइके घटली आणि मी भट्टीमागच्या भिंतीशी दिवसचे दिवस उभी राहू लागले. तिथे कोणी फिरकत नसे.

त्याच सुमारास माझ्या रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले. पाणी घटले की इंजिन तापे आणि चढावर मला धाप लागे. काका पाणी भरून मला गॅरेजमध्ये नेत. मिस्त्री टॉर्च घेऊन माझ्या पोटाखाली शिरे, पण तिथे सगळे कोरडे असायचे.

"काका, थेंबसुद्धा नाही. पाणी आतच जळतंय. इंजिन खोलण्यापेक्षा भंगारात द्या, सुटाल."

"म्हातारी झाली म्हणून लगेच भंगारात?"

"मग ठेवा घरात, सोफ्याशेजारी!"

मला सांगता येत नव्हते. गॅरेजपर्यंत येताना मी तापायचे, सगळे फुगायचे आणि रेडिएटरच्या नळीच्या तोंडाशी असलेली फट मिटायची. एकटी उभी राहून गार झाले की नळी आवळणारा पट्टा सैल पडे आणि पाणी ठिबकू लागे. खालची भुसभुशीत माती ते पिऊन टाकी. बघायला तेव्हा कोणीच नसे.

शेवटी भंगारवाल्याला निरोप गेला. तो येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी माझ्याखाली कोरडा पुठ्ठा सरकवला.

"आता हे काय नवीन?" काकांनी विचारले.

"पाव गार झाल्याशिवाय कापता का तुम्ही? मग हिलाही गार होऊ द्या की!"

सकाळी पुठ्ठ्यावर रेडिएटरच्या पाण्याचा फिकट हिरवा, ओला डाग होता. काकांनी मिस्त्रीला अंगणातच बोलावले. मी गारच होते. त्याने नळीखाली बोट धरले, बोट ओले झाले.

"काकू, मी हिला नेहमी तापलेलीच बघत आलो," तो हळूच म्हणाला. त्याने नळी बदलली, नवा पट्टा आवळला. भंगारवाला आला तो गरम पाव खाऊन रिकाम्या हाताने परत गेला.

आजही माझे बहुतेक दिवस भिंतीशीच जातात. पण मला सुरू करण्याआधी काका गुडघा धरून खाली वाकतात आणि बघतात. तेवढ्यासाठी मी सकाळची वाट पाहते.

मित्रांनो, तापून वाफ सोडणाऱ्या गाडीभोवती सगळेच जमतात. कोपऱ्यात गार, गप्प उभी असलेली गाडी दिसली, तर तिच्याखालीही एकदा वाकून बघा.