याच लेखकाचे दुसरे प्रवचन

चर्मपत्राच्या त्या पानाच्या कोपऱ्यात किड्याने पाडलेले भोक मोहरीएवढे होते. पुढच्या पानावर, जिथे दुसरे प्रवचन सुरू होत होते, ते नव्हते. किडा मध्येच खाणे थांबवील, पण दोन्हीकडून आरपार गेलेले भोक पुढच्या पानावर निदान खूण तरी ठेवते. म्हणजे ही पाने मुळात शेजारी नव्हतीच. पोथी नव्याने बांधताना कुणीतरी पानांचे गठ्ठे उलटसुलट लावले, आणि ‘याच लेखकाचे दुसरे प्रवचन’ हा मथळा पुढे संत ठरलेल्या बिशप लिउपेर्तोंच्या प्रवचनामागे येऊन बसला; म्हणून तेही त्यांचेच मानले गेले.

ऑर्नेला झानिएरने भिंग खाली ठेवले. गेल्या हिवाळ्यापासून तिला हे माहीत होते. ग्रंथालयाचे प्रमुख, धर्मगुरू मोन्सिन्योर बेर्तोसी ‘बघू’ म्हणाले होते, आणि तीही गप्प बसली होती.

आज ते मुखपृष्ठाचा नमुना नाचवतच आत आले.

“बघा बाई! ‘संत लिउपेर्तोंची प्रवचने, संपादन ऑर्नेला झानिएर’. आता तरी हसा!”

“दुसरं प्रवचन त्यांचं नाही, मोन्सिन्योर.”

“काढलात पुन्हा तो किडा! आता त्याला साक्षीला बोलवणार का?”

“किडा राहू द्या. बिशप प्रत्येक वाक्य घोळवून ठेक्यात संपवतात. हा माणूस धाडकन थांबतो. आणि बोलतोय काय? ‘दुष्काळात कोठाराला कुलूप लावून बिशपाच्या आसनावर बसणाऱ्या लिउपेर्तो...’”

“स्वतःलाच बोल लावतायत. संतांची नम्रता ती!”

ऑर्नेलाची कानशिले तापली. भुकेल्या लोकांपुढे उभा राहून, कोठाराच्या मालकाच्या तोंडावर कुणी साधा पाद्री हे बोलला असेल. त्याला काय भोगावे लागले, देव जाणे. आणि आता त्याचा संताप त्या मालकाच्याच पुण्याईत जमा करायचा?

“नम्रता कसली? कुलूप त्यांचंच होतं!”

“हळू बोला. जूनमध्ये संतांचा उत्सव आहे, सगळं गाव पुस्तकाची वाट बघतंय. आणि तुमचं तरी दुसरं पुस्तक कुठलं होणार आता?”

ते खरे होते. सारी उमेद याच पोथीत गेली होती, आणि डोळे दगा देऊ लागले होते.

“त्या प्रवचनावर ‘लेखक अज्ञात’ छापा.”

“नाही जमणार, बाई.”

तिने नमुना त्यांच्याकडे सरकवला.

“मग यावरून माझं नाव काढा.”