पाच प्रतिशब्द

माझ्या वहिनीला इंग्रजी येत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. नर्सिंग होममध्ये परदेशी पेशंट आला की डॉक्टर हिलाच हाक मारायचे. 'गेट' या एका क्रियापदावर तिचा सगळा संसार चालायचा. उठा, तयार व्हा, गोळी आणते, कळलं का, लवकर बरे व्हा, सगळं त्यातच. व्याकरणाच्या नावानं आनंद होता, पण पेशंटला कळायचं आणि तो पडायचा नाही. आणखी काय पाहिजे?

मग ते नर्सिंग होम बंद पडलं. दादाची छापखान्यातली नोकरी त्याआधीच गेलेली, त्यामुळे घर तिच्या एकटीच्या जिवावर होतं. तेवढ्यात मोठ्या हॉस्पिटलात कायम नर्सची जागा निघाली. परीक्षा प्रत्यक्ष काम करून द्यायची, आणि तीही इंग्रजीत बोलत. दादानं कुठूनसा एक क्लास शोधून आणला.

क्लासचे सर म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक मान. त्यांचा एकच हट्ट. 'गेट' हा आळशी माणसाचा शब्द, माझ्या वर्गात चालायचा नाही. जो उच्चारेल त्यानं फळ्याजवळ उभं राहायचं आणि पाच प्रतिशब्द सांगितल्याशिवाय बसायचं नाही. ऑब्टेन, रिसीव्ह, बिकम, अराइव्ह, आणखी काय काय. वहिनीइतकं त्या फळ्याजवळ कुणी उभं राहिलं नसेल. दिवसभर घरकाम करून आलेली बाई, आणि समोर कोवळ्या पोरी फिदीफिदी हसतायत! घरी कणीक मळतानाही तिचे ओठ हलायचे. दादा विचारायचा, "काय गं, दूध ऑब्टेन झालं का?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "रिसीव्ह झालं."

परीक्षेला मी तिच्यासोबत गेले होते. दार अर्धवट उघडं होतं, मला आतलं सगळं दिसत होतं. हॉस्पिटलचीच एक बाई पेशंट बनून कॉटवर झोपली होती. तिला बोलत बोलत उठवायचं आणि खुर्चीत बसवायचं, एवढंच काम. वहिनीनं कॉट खाली घेतली, खुर्चीच्या चाकांना ब्रेक लावला, पेशंटच्या पायाशी चपला सरळ केल्या. हात असे चालले होते की बघत राहावं. मग तिनं तोंड उघडलं आणि तिथंच अडकली.

"प्लीज," ती म्हणाली. थांबली. "प्लीज... अराइज."

कॉटवरची बाई खुदकन हसली. परीक्षा घेणाऱ्या मेट्रन मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पुन्हा करा. घाई नाही. रोज पेशंटशी बोलता तसं बोला." यापेक्षा माणसानं किती सांभाळून घ्यायचं? पण वहिनी नुसती उभी. ओठ हलतायत, आवाज नाही. शेवटी मेट्रनच म्हणाल्या, "तुमचे हात छान आहेत हो. पण पेशंटला सांगितल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. या वेळी नाही घेता येणार."

बसस्टॉपवर ती पर्सचा पट्टा पिळत बसली. मग म्हणाली, "ठिणगे, शब्द तोंडाशी आला होता गं." मला घरात सगळे ठिणगीच म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. "पण तो म्हटला की फळ्याजवळ उभं राहावं लागतं ना."

माझ्या डोक्यात असा जाळ झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाला कुलूप लावलं, वहिनीचा हात धरला आणि भरल्या वर्गात जाऊन उभी राहिले. ती मागून "नको गं, जाऊ दे" म्हणत होती. जाऊ दे काय? का म्हणून जाऊ दे?

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "अराइज बरोबरच आहे. त्या हॉस्पिटलचाच दर्जा नाही."

"दर्जा?" मी म्हणाले. "अहो, हिला येत होतं ते तुम्ही घालवलंत! चांगली बोलती बाई मुकी करून ठेवलीत, आणि वर दर्जा काढता? लाज नाही वाटत?"

"क्लास चालू आहे," सर म्हणाले. "बाहेर व्हा."

सगळा वर्ग खाली मान घालून बसला. एकीलाही तोंड उघडावंसं वाटू नये! मी वळणार, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची बाई उठली. वहिनीच्याच वयाची, तिच्यासारखीच नर्स. ती सरांकडे बघतच नव्हती. "ताई," ती वहिनीला म्हणाली, "माझी परीक्षा उद्या आहे. तिथेच. काय म्हणायचं असतं हो?" आणि पदर खोचून ती सरळ बाकावर आडवी झाली.

वहिनीनं एकदा फळ्याकडे पाहिलं. मग पुढे गेली, वाकली, एक हात तिच्या पाठीखाली घातला आणि म्हणाली, "गेट होल्ड ऑफ माय आर्म. गुड. नाऊ गेट युवर लेग्ज डाउन. स्लोली." आवाज एकदम मऊ, कुठे अडखळणं नाही. ती बाई अलगद उठून बसली.

"पाच प्रतिशब्द!" सर ओरडले.

"सर, थांबा हो जरा," बाकावरची बाई म्हणाली. "हं ताई, पुढे?"

वहिनी पुढे सांगत राहिली. वही उघडून सगळ्या जणी लिहून घ्यायला लागल्या. मी दाराशी उभी होते आणि रागानं माझ्या डोळ्यांना धार लागली होती. एक शब्द चुकत नव्हता तिचा. त्या बाईची परीक्षा उद्या होती. हिची काल होऊन गेली होती.