सात्रापचा चालू अर्थ

फ्रेंच-फारसी शब्दकोशाचं हे काम मी हौसेनं घेतलं होतं. सहा वर्षं झाली, आता नुसतं पानांकडे पाहिलं तरी डोकं दुखतं. शुक्रवारी दुपारी सगळं शिराझ जेवून आडवं होतं. जागे असतो ते मी आणि आगाजान, म्हणजे माझे वडील. ऐंशी उलटली त्यांची. जन्मभर पासबान होते, साधे पोलीस शिपाई. आता एकच ड्युटी उरली आहे: माझ्यासमोर बसून, साखरेचा खडा दातात धरून चहा प्यायचा आणि चौकशी करायची.

"आज कुठला शब्द, माहरुख?"

"सात्राप."

"हा तर आपला."

"आपलाच. जुन्या बादशहांचा प्रांताधिकारी. ख्शथ्र म्हणजे राज्य, पावन म्हणजे राखणारा. ग्रीकांच्या जिभेला झेपेना, त्यांनी चेचून सात्राप केला. मग फ्रेंचांनी तो उचलला आणि आपण स्वतःचाच शब्द त्यांच्याकडून उसना आणला."

"शहाणेच आहोत."

इथं गप्प बसायला हवं होतं. पण थकलं की माझी जीभ सैल सुटते. "त्यातलं राखणं तुमच्या 'पासबान'मध्येही आहे, आगाजान. एकाच मुळाचे. सात्राप तुमचा चुलतभाऊ लागतो."

त्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे मीही राखणाराच?"

"शब्दापुरतं, हो."

"मग तसंच लिही. छापून येऊ दे. समोरची तूबा-खानम शाळेत शिकवायची, ती असली पुस्तकं चाळते."

मला सगळं कळलं आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. क्रांतीच्या वर्षी तूबा-खानमचा धाकटा भाऊ, कियूमर्स, भिंतीवर घोषणा लिहिताना सापडला. आगाजाननी त्याला गल्लीच्या मधोमध, सगळ्यांदेखत, कानाखाली वाजवली. कानाचा पडदा फाटला. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तूबा-खानम अजून नवरोजला आम्हाला मुरंबा पाठवते, पण माझ्या नावानं. आगाजानचा सलाम ती घेत नाही. आणि आगाजानही हट्टी. चुकलो असं कधी म्हणाले नाहीत. हुकूम होता, एवढंच म्हणायचे.

मी सात्रापच्या नोंदीचा कागद पुस्तकाखाली सरकवला.

"काय लपवतेस? वाच."

"काही नाही हो. फ्रेंचांचा अर्थ वेगळा आहे."

"वाच म्हणतो ना."

वाचलं. "जुलमी, मग्रूर अधिकारी. आज हाच अर्थ चालतो."

"राखणाऱ्याचा जुलमी कुणी केला?"

"सुरुवात ग्रीकांपासूनच झाली असावी."

"त्यांना कुठं भेटले आपले सात्राप?"

"त्यांची काही गावं सात्रापांच्या ताब्यात होती."

त्यांनी पेला दूर सारला. मला स्वतःचा राग आला. म्हातारा माणूस एक शब्द मागत होता, द्यायला काय जात होतं माझं?

"आगाजान, राखणारा पहिल्या नंबरला घालते. क्रम माझ्या हातात आहे. संपादक ओरडला तर ओरडू दे."

"नको. ज्यांनी मार खाल्ला त्यांना अर्थ ठाऊक. आम्हाला नुसता हुद्दा ठाऊक होता." मग कागदाकडे बघत, "तो राखणारा कुठं जाईल मग?"

"कंसात. मूळ अर्थ म्हणून."

"कंसात राहू दे."

मी तसं लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले. थकव्यानंही भरतात, तसे म्हणायचे.

मान वर केली तर आगाजान भिंतीला धरून उठत होते. मी धावत गेले. त्यांनी खुंटीकडे बोट केलं, त्यांचा कोट हवा होता.

"कियूमर्स शुक्रवारी बहिणीकडे जेवायला असतो ना?"

"असतो. पण तूबा-खानम दार उघडणार नाही, आगाजान."

"नाही उघडलं तर पायरीवर बसू. तो बाहेर पडेलच की कधीतरी." बाहीत हात काही केल्या जाईना, मी धरून घातला. बटणंही मीच लावली.

"कुठल्या कानानं ऐकू येतं गं त्याला?"

"उजव्या."

"मग त्या बाजूला बसव मला. आवाज फार चढवता येत नाही आता."