काळी घोंगडी आणि तांबडा कोबो

मित्रांनो, मी एक काळी घोंगडी आहे. वय एकोणीस वर्षं, लांबी सहा हात, वजन दोन किलोच्या थोडं वर. गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे नंतर तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको. मला एका तांबड्या पांघरुणाचा हेवा वाटतो. पुढचं सगळं मी त्या हेव्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा तेवढी वजावट करून वाचा.

माझा जन्म माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढचा. बिराप्पांच्या मेंढरांची कोकरं पहिल्यांदा कातरली, त्या लोकरीची मी. पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. ती सगळ्यांत मऊ असते. बिराप्पांच्या घरधनीण बयाबाई यांनी ती पिंजून तिचं सूत कातलं आणि कोंडीबा सणगरांनी खड्ड्याच्या मागावर मला विणलं. मग चिंचोक्याची खळ लावून त्यांनी मला उन्हात ताणून ठेवलं. खळीमुळे मी ताठ झाले. जावळाची असूनही मी टोचते, ते या खळीमुळे आणि माणच्या धुळीमुळे. हा माझा स्वभाव नव्हे.

पुढची अठरा वर्षं मी बिराप्पांच्या खांद्यावर काढली. पाऊस आला की ते माझी खोळ करून डोक्यावर घेत. पाणी वरच्या वर ओघळून जाई, कारण लोकरीत मेंढीच्या अंगचं तेल असतं. थंडीत ऊब मी तयार करत नव्हते. माझ्या धाग्यांच्या मधे हवा अडकते आणि माणसाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच माझं काम. पण माझं खरं मोठेपण वेगळं होतं. घरी पाहुणा आला, भावकीतलं भांडण मिटवायला चार जाणती माणसं जमली, की मला अंथरलं जाई. माझ्यावर चप्पल घालून कोणी पाय देत नसे. ज्याला माझ्यावर बसवलं, त्याला घरानं मान दिला असा अर्थ. आणि अंथरल्यावर जो बसला नाही, त्याच्या मनातलं भांडण अजून मिटलेलं नाही, असाही अर्थ.

गेल्या वर्षी बिराप्पांची मुलगी पल्लवी एम.एस्सी. करायला सांगलीला निघाली. कोरडवाहू पिकांच्या मुळांचा अभ्यास हा तिचा विषय. बिराप्पांनी मला खांद्यावरून काढून तिच्या बॅगेवर ठेवलं आणि ते मेंढरांकडे निघून गेले. मला वाटलं, आता मी पल्लवीची.

वसतिगृहाच्या त्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्या पलंगावर पुलेंग राहायला आली. ती लेसोथोची. हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा डोंगराळ देश आहे. तिथे थंडी फार, मेंढ्या भरपूर, आणि पावसाची वाट पाहणं आपल्या माण तालुक्यासारखंच. पुलेंग या नावाचा अर्थच 'पावसात' असा होतो. हे ऐकून पल्लवी म्हणाली होती की आमच्याकडे असं नाव ठेवलं तर मुलीला हाक मारायलाही टँकर लागेल. दोघी खूप हसल्या होत्या.

पुलेंगनं बॅग उघडली आणि तो बाहेर आला. तांबडा, गडद, त्यावर पिवळी मक्याची कणसं आणि काठाशी काळ्या रेघा. तिच्या भाषेत पांघरुणाला कोबो म्हणतात. पल्लवीनं त्यावरून हात फिरवला, गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, "किती मऊ आहे. माझी घोंगडी टोचते."

मित्रांनो, ही गोष्ट खरी होती. म्हणूनच ती जास्त लागली.

सांगलीच्या उकाड्यात खरं तर आम्हा दोघांचाही उपयोग नव्हता. तरी कोबो पलंगावर घडी घालून राहिला आणि मी पलंगाखाली गेले, जुन्या चपला आणि बादलीच्या शेजारी. मी मोजत असे. अकरा आठवड्यांत पल्लवीनं कोबोला चाळीस वेळा हात लावला, मला दोनदा, त्यातही एकदा झाडू मारताना. तिनं त्याच्यासोबत फोटो काढून घरी पाठवला. माझ्या घरी, माझ्या बयाबाईंना.

दोघींचं एरवी बरं चाललं होतं, पण काही गोष्टी खुपत होत्या आणि त्या मला पलंगाखालून स्पष्ट दिसत होत्या. पुलेंग प्रत्येक भाकरीला आभार मानायची. पल्लवीला वाटायचं, ही आपल्याला परकी समजते, नाहीतर बहिणीचे कोणी आभार मानतं का. उलट पल्लवी कधीच आभार मानत नसे आणि पुलेंगची छत्री, तेल, पुस्तक न विचारता उचलायची. घरच्या माणसाला काय विचारायचं, हा तिचा हिशेब. पुलेंगला ते उद्धट वाटायचं. पण थोरामोठ्यांनी वाढवलेली मुलगी लगेच तोंड उघडत नाही, ही तिच्या घरची रीत. म्हणून ती गप्प बसायची. दोघीही आपापल्या घरच्या मापानं चांगल्याच वागत होत्या.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी बिराप्पा आणि बयाबाई पोरीला भेटायला आले. सोबत बाजरीचं पीठ, ठेचा आणि लोणचं. पुलेंग चर्चला गेली होती. बयाबाई म्हणाल्या, काहीतरी टाक गं खाली, ह्यांचं गुडघं दुखत्यात. मी अंग सावरून तयार झाले. पल्लवी वाकली. तिचा हात माझ्या अंगावरून पुढे गेला आणि तिनं बादली बाजूला केली. मग ती उठली, पुलेंगच्या पलंगावरचा कोबो उचलला आणि फरशीवर अंथरला.

तिच्या मनात खोट नव्हती. घरातलं सगळ्यांत चांगलं वस्त्र पाहुण्याच्या बसण्याखाली घालायचं, हे तिला माझ्याकडूनच तर शिकायला मिळालं होतं. बिराप्पा पाय धुऊन आले आणि त्यावर बसले. माझ्या जागेवर तो आणि मी हातभर अंतरावर अंधारात. एकोणीस वर्षांत मी कधी इतकी जळले नव्हते.

तेवढ्यात पुलेंग आली. दारात थांबली. तिनं कोबोकडे पाहिलं, मग बिराप्पांकडे. किंचित वाकून, दोन्ही हात जोडल्यासारखे धरून तिनं नमस्कार केला, 'न्ताते' म्हणाली, म्हणजे वडील, आणि पुन्हा बाहेर गेली. बिराप्पा खूश झाले. पोरगी गुणाची हाय, असं ते दोनदा म्हणाले.

त्यानंतर तीन दिवस पुलेंग बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं सांगितलं की तिनं खोली बदलायचा अर्ज दिला आहे. रेक्टर रेश्मा मॅडमनी पुढच्या गुरुवारी दुसरी खोली मिळेल असं कळवलं आहे.

पल्लवीनं विचारलं, काय झालं.

"निघताना माझ्या वडिलांनी तो माझ्या खांद्यावर घातला होता," पुलेंग म्हणाली. "आमच्या घरी कोबो अंगावर घेतात. तू तो पायाखाली टाकलास. मला वाटलं, मी कोण आहे ते तू मला सांगते आहेस."

पल्लवीनं समजावण्याचा प्रयत्न केला की तो अपमान नव्हता, मान होता. पुलेंगनं ऐकून घेतलं, आभार मानले आणि पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

मला आनंद झाला. हे लपवून उपयोग नाही. कोबो जाणार, पलंग रिकामा होणार, थंडी येणार आणि पल्लवीला मीच लागणार. मी गुरुवारची वाट पाहू लागले.

पल्लवीनं घरी फोन करून सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. बिराप्पा म्हणाले, "तिला इचारलं व्हतंस का?"

"न्हाई, अण्णा. पण मी तर मान म्हणून..."

"मान कसला पोरी. दुसऱ्याचा मान उचलून तू माज्या बुडाखाली घातलास."

बुधवारी सकाळी ते मायणी, विटा करत एसटीनं सांगलीला हजर झाले. बयाबाई सोबत होत्याच. गुडघं दुखत्यात म्हणून बाजाराला जात न्हाईत आन सांगलीला दोन येळा, असं त्या जिना चढताना ऐकवत होत्या. बिराप्पा दाराबाहेर चपला काढून उभेच राहिले. आत पुलेंगची बॅग अर्धी भरलेली होती.

"पल्लवे, तिला सांग," ते म्हणाले. "मी न इचारता बसलो. आता इचाराया आलोय. ह्ये तुमच्यात कसं घेत्यात, आमाला दाव म्हणावं."

पल्लवीनं सांगितलं. पुलेंगनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग तिनं बॅगेतून कोबो काढला, खांद्यावर घेतला आणि छातीशी मोठ्या पिनेनं अडकवला. रेघा उभ्याच असल्या पाहिजेत, ती म्हणाली. आडव्या घेतल्या तर माणसाची वाढ खुंटते, असं तिची आजी सांगते. बिराप्पांनी मान डोलावली आणि तिच्या वडिलांची मेंढरं किती, ते विचारलं. बत्तीस. त्यावर रोगराई, चारा, लांडगे असे प्रश्न सुरू झाले. त्यांच्याकडे लांडग्यांऐवजी कोल्हे त्रास देतात, हेही कळलं.

मग बिराप्पा वाकले आणि पलंगाखालून त्यांनी मला बाहेर ओढलं. दाराबाहेर नेऊन झटकलं, फरशीवर अंथरलं आणि पुलेंगला म्हणाले, "बस, पोरी."

पुलेंग एक पाऊल मागे सरली. "नाही," ती म्हणाली.

बिराप्पांचा चेहरा उतरला. अंथरलेल्या घोंगडीवर जो बसत नाही, त्याचं भांडण मिटलेलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. मलाही. आता ती नक्की जाणार. मी जिंकले होते.

पण या वेळी पल्लवीनं अर्थ स्वतःच लावून टाकला नाही. तिनं विचारलं, "का नाही बसत?"

"हिच्यावर कशी बसू?" पुलेंग म्हणाली. "ही तुझ्या वडिलांच्या खांद्यावरची आहे. तूच सांगितलं होतंस."

मित्रांनो, माझ्यावर आजवर शेकडो माणसं बसली आणि प्रत्येकानं मान घेतला. माझा मान राखावा म्हणून कोणी उभं राहिलं नव्हतं. ते पहिल्यांदा केलं त्या मुलीनं, जिनं जावं म्हणून मी दिवस मोजत होते.

पल्लवीनं तिचं म्हणणं अण्णांना सांगितलं. बिराप्पांनी मला उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "खांद्यावर घालू का?"

याचं भाषांतर पल्लवीला करावं लागलं नाही. पुलेंगनं खांदा पुढे केला. त्यांनी मला तिच्या अंगावर, कोबोच्या वर घातलं. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. रंगाच्या आत त्यालाही लोकरीचाच वास होता, आणि शेकोटीच्या धुराचाही. तोही कोणाच्या तरी खांद्यावरून आलेला होता.

"टोचते," पुलेंग मान खाजवत म्हणाली.

"लय टोचती," बयाबाई म्हणाल्या. "माझं तर आयुष्य गेलं."

मग चौघं उघड्या फरशीवर बसली आणि ठेचा-भाकरी खाल्ली. खाली कोणी काहीच अंथरलं नाही. संध्याकाळी पुलेंगनं रेश्मा मॅडमना जाऊन सांगितलं की खोली नको.

हेवा गेला का, असं तुम्ही विचाराल. नाही गेला. डिसेंबरात कृष्णेवरून गार वारा येतो, तेव्हा पल्लवी अजूनही कोबोच घेते. फक्त आता ती आधी विचारते, "घेऊ का?" आणि पुलेंग कधी कधी मला घेऊन गच्चीवर अभ्यासाला जाते. तिनंही विचारलेलं असतं. ते दोन शब्द ऐकले की माझी जळजळ थोडी कमी होते. किती कमी, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे.

तुम्हाला एवढंच सांगते. दुसऱ्याची वस्तू कितीही चांगल्या मनानं उचला, आधी तिच्या माणसाला विचारा, ती अंगावर घ्यायची की खाली अंथरायची. आणि तुमच्या पलंगाखाली लोकरीचं काही पडलं असेल तर या रविवारी त्याला ऊन दाखवा. आम्ही रुसलो तर बोलून दाखवत नाही. आम्हाला कसरीची कीड लागते.