कमानपाट्यांना हळदकुंकू

कासार आंबोलीच्या हैबतरावांनी मिलिटरीच्या लिलावातली जीप घेतली, तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. फक्त त्यांची थोरली भावजय गोजराबाई तिकडं फिरकली नाही. नवऱ्याच्या मागं वीस वर्षं स्वतः नांगर धरलेली बाई ती. दिराच्या खेळण्याचं कौतुक किती करायचं, असं म्हणून ती आपल्या बैलांना वैरण टाकत राहिली.

पण मे सरता सरता ताक विकणारी रंभाबाई सांगत आली, की मुळशीच्या धरणाचं पाणी यंदा पार तळाला गेलंय आणि जांभूळटेपाचे चौथरे उघडे पडलेत. झालं! गोजराबाईचं चित्त थाऱ्यावर राहिना. जांभूळटेप तिचं माहेर. ती सासरी आली आणि चार-पाच वर्षांत धरणाच्या पाण्यानं गाव गिळलं, माणसं कुठं कुठं पांगली. त्यानंतर तिनं माहेराचा एक दगडही पाहिला नव्हता. मिरग आठ दिवसांवर आला होता. पाणी पुन्हा चढलं, की या जन्मात परत उघडं पडेल याचा भरवसा काय?

तिनं पदर सावरला आणि पहिल्यांदाच जीपजवळ गेली.

"भावजी, जाती का वो तुमची ही गाडी तितवर?"

"जाती म्हंजे? पळत जाती!" हैबतराव फुशारले. आणि गाडी किती दमदार आहे हे वैनीला दाखवायला त्यांनी ती ओढ्याच्या दरडीवरून उडवली. खाडकन आवाज झाला. पुढचा एक कमानपाटा तुटला, दुसऱ्याला तडा गेला. कमानपाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांवर पट्ट्या रचून केलेली कमान. गाडीचं सगळं ओझं तिच्यावर. गाडीनं जागीच नाक घासलं.

पौडाच्या ताजुद्दीनला बोलावणं गेलं. लढाईच्या काळात तो फौजेच्या वर्कशॉपात होता, त्यामुळे जीप म्हटली की त्याला चेव यायचा. दोन दिवसांत तो पुण्याच्या जुन्या बाजारातून कमानपाट्यांची जोडी एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आला आणि हैबतरावांच्या अंगणातच कामाला बसला.

त्याचा जॅक अंगणातल्या भुसभुशीत मातीत रुतला. मग हैबतरावांनी गोठ्याच्या आढ्याला घ्यायचा सागाचा वासा काढला, दगडावर टेकवून गाडीखाली सारला, आणि तरी गाडी हलेना.

"वजन पायजे वजन!" ताजुद्दीन गाडीखालून ओरडला.

गोजराबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि धपकन वाशाच्या टोकावर बसली. गाडी वर आली! बाई खाली, गाडी वर. तिला असं काही हसू फुटलं, की वासा हलायला लागला.

"मावशी, हसू नगा! खाली माझं डोस्कं हाय!"

"न्हाई रे बाबा, न्हाई हसत," म्हणून ती तोंडात पदर कोंबून बसली आणि खांदे गदगदत राहिले. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण त्या दिवशी तिच्या अंगात परकरातली पोर शिरली होती.

ओंडके लावून गाडी वरच ठेवली. गंजलेल्या नटांना रॉकेल पाजून, घणाचे घाव घालून दुपारपर्यंत जुने पाटे निघाले. ताजुद्दीननं नव्या पाट्यांवर खडूनं खुणा केल्या, ते ओट्याशी टेकवले आणि हैबतरावांबरोबर तो आत जेवायला बसला.

आता घरात नवी वस्तू आली, की ती धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून मगच वापरायची, हे गोजराबाईला कुणी शिकवायला नको होतं. त्यातून हे पाटे तर तिला माहेरी नेणारे! तिनं दोन्ही पाटे राखेनं लख्ख घासले, दोन तांबे पाणी ओतलं, उन्हाला टेकवले, हळदीकुंकवाची बोटं ओढली, आणि "नीट न्या रे बाबांनो," म्हणून हात जोडले.

ताजुद्दीन ढेकर देत बाहेर आला. पाटे बघून जरा घुटमळला. पण दोन्ही दिसायला हुबेहूब एकसारखे, आणि जेवण झालेलं भरपेट. जो हाताशी आला तो एका बाजूला, उरला तो दुसऱ्या बाजूला. उन्हं कलायच्या आत काम उरकलं आणि गाडी खाली घेतली.

गाडी डावीकडं कलली. ताजुद्दीन लांब जाऊन एक डोळा मिटून बघून आला. हैबतराव आत चढून स्टिअरिंगच्या चाकाशी बसले. त्या जीपचं चाक डावीकडं, आणि हैबतरावांचं वजनही काही थोडंथोडकं नव्हतं. गाडी आणखीच झुकली.

"मालक, ही शासीच, गाडीचा खालचा सांगाडाच वाकडा झालाया," ताजुद्दीन हळू आवाजात म्हणाला. "पुण्याला न्यावी लागंल. आठ-धा दिस मोडत्याल."

"मग ऱ्हायलं वैनी," हैबतराव खाली मान घालून म्हणाले. "पुढल्या साली बघू."

पुढच्या साली! गोजराबाईनं जीपभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. पुढं उभी राहून तिनं तिरप्या बोनेटकडं नजर लावली, आणि हे रूप आपण कुठंतरी पाहिलंय असं तिला वाटायला लागलं. नुकतीच नांगराला लागली होती तेव्हा एकदा तिनं उजवीकडच्या पाखऱ्या बैलाला चुकून डावीकडं आणि डावीकडच्या चांद्याला उजवीकडं जुंपलं होतं. जू अस्संच तिरपं झालं होतं.

"ताजुद्दीन, ह्ये दोन्ही पाटं एका ताकदीचं हायेत का रं?"

"कुटलं वो! डावा कडक असतुया. डायवर तिकडंच बसतुया न्हवं."

"मग बैलं उलटी जुपलीस तू."

"मावशी, म्या खडूनं 'डावा' लिवलं हुतं की त्याच्यावर!" ताजुद्दीन म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याची नजर पाट्यावरच्या हळदीकुंकवावर गेली. मग चकाकणाऱ्या लोखंडावर. मग गोजराबाईवर.

खरं तर गप्प बसता आलं असतं. पण तिला कुठलं गप्प बसवतंय! "अगं बया! म्याच घासली की रं ती खूण! राखंनं! मला वाटलं, बाजारातली घाण हाय!"

ताजुद्दीननं कपाळावर हात मारला आणि तो मटकन खाली बसून खो खो हसायला लागला. हैबतराव चाकावर डोकं टेकून हसले. गोजराबाई मात्र केव्हाच वाशाच्या टोकावर जाऊन बसली होती. "हसतायसा काय? उचला गाडी! मिरग थांबणार हाय का तुमच्यासाटी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली, सरळ, ताठ मानेनं. ताजुद्दीन चाकाशी, गोजराबाई शेजारी, मागं हैबतराव नारळ सांभाळत. पहिल्या खड्ड्याला गोजराबाई वर उडाली आणि खाली आली, तीच हसत.

"ताजुद्दीन, मागं घे. त्यो खड्डा पुन्यांदा घे!"

हैबतराव मागून "वैनी, वैनी" करत राहिले, पण ताजुद्दीननं खरंच मागं घेतली. नवे पाटे त्या बाईला आणि तिच्या हसण्याला झेलत राहिले, थेट धरणाच्या काठापर्यंत.

पाणी लांब आत गेलं होतं. भेगाळलेल्या गाळात दगडी जोती ओळीनं उभी होती. गाडी थांबायच्या आधीच गोजराबाईनं उडी टाकली. गाळ तुडवत, पदर उडवत ती पळाली, एक जोतं सोडलं, दुसरं सोडलं आणि तिसऱ्याशी थबकली. तिनं उंबऱ्याच्या दगडावरचा गाळ हातानं पुसला आणि आत गेली. हैबतराव धापा टाकत तिच्या मागोमाग गेले. सासरचं माणूस म्हणून तिनं त्यांना मधल्या दगडावर मानानं बसवलं. तिचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं.

ताजुद्दीन जोत्याच्या बाहेर, थोडा लांबच उभा राहिला. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला, असं त्याला वाटलं असावं.

"भाईर का हुबा तू?" आतून गोजराबाईनं हाक मारली. "माझ्या माहेरी आलायास. ये की आत! आन् डोस्कं संभाळ, चौकट लई बुटकी हाय."

वर नुसतं आभाळ होतं. ताजुद्दीननं चपला काढल्या, वाकला आणि आत गेला.