गाळलेली ओळ

सकाळचं ऊन त्या घरात घाईने कधी येत नसे. समोरच्या इमारतीच्या कठड्यावरून उतरून ते आधी खिडकीच्या काचेवर थबके, मग शिलाई मशीनच्या चाकाला हलकेच शिवून जाई. तिथून खडूच्या चुऱ्यावर, टाचण्यांच्या डबीवर, अर्धवट शिवलेल्या बाहीवर सावकाश पसरत शेवटी आईच्या केसांपाशी विसावे. केस नवे होते. अकरा महिन्यांपूर्वी सगळे गळाले, आणि पुन्हा उगवले ते कुरळे.

"लग्नाआधी असे असते, तर तुझ्या बाबांना मी नकारच कळवला असता," सुईत दोरा ओवत आई म्हणाली.

"अजून वेळ गेलेली नाही," वर्तमानपत्राआडून बाबा उत्तरले.

मुलगा हसला. छापखान्यात अक्षरजुळणी करणारा, मोजकं बोलणारा मुलगा तो. आईच्या पाठीत पुन्हा उठू लागलेली कळ मात्र त्याला हसतानाही दिसत होती.

आजार अस्थिमज्जेचा होता, मायलोमा नावाचा कर्करोग. आईच्याच रक्तातून मूलपेशी काढून पिशवीत गोठवायच्या, जालीम औषधाने मज्जा रिकामी करायची आणि त्याच पेशी परत शरीरात सोडायच्या, असा उपचार ठरला होता. पेशींच्या पिशवीचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी घरातल्या पुरुषांना आत बोलावलं. आई बाहेर बसली. ज्याचं दुखणं त्याला वगळून बाकी सगळ्यांना सांगायचं, ही रीत शिकल्यासवरल्या घरांतही मायेच्या नावाखाली सुखाने नांदते. अहवालात एक ओळ होती: गोळा केलेल्या पेशींत कर्कपेशी आढळल्या. आणखी औषधं देऊन पेशी नव्याने गोळा करता येतील, किंवा याच वापरता येतील, असं डॉक्टर म्हणाले. खात्री कशाचीच नव्हती.

आईच्या हाती पडलेल्या अहवालात ती ओळ नव्हती. छापखान्यातल्या संगणकावर मुलाने तो नव्याने जुळवला होता. बाबांच्या शब्दाखातर, असं तो स्वतःला सांगत आला होता. तो कागद वाचून आईने लगेच होकार दिला.

आज मात्र ती हट्टाने डॉक्टरांसमोर जाऊन बसली.

"आजार उलटलाय," डॉक्टर म्हणाले. "पिशवीत कर्कपेशी होत्या, ते आपण तेव्हा बोललोच होतो."

"कुणाशी?"

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. आईने पर्समधला अहवाल काढून पुढे ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"हा आमचा कागद नाही." मग, खाली बघत, "आजार त्या पिशवीतूनच परत आला, असं कुणीच सांगू शकणार नाही. शरीरातही कर्कपेशी उरतातच."

"मी पिशवीचं विचारत नाहीये, डॉक्टर. कागदाचं विचारतेय. चुकीच्या मापावर कापड कापायला लावलंत मला. तुम्ही सगळ्यांनी मिळून."

डॉक्टरांनी कागद घडी करून तिच्याकडे सरकवला. आजपर्यंत ते तिच्याशी थेट कधी बोललेच नव्हते.

घरी येऊन आई मशीनसमोर बसली, पण पाय चालेना.

"कुणाचं काम हे?"

"माझं," बाबा म्हणाले. "मीच सांगितलं त्याला. तू हाय खाल्ली असतीस गं."

"हाय खायची की नाही, ते मी ठरवलं असतं. पुन्हा गोळा करा, असं मी म्हणाले असते. नाहीतर केलं तेच केलं असतं. पण ते मी केलं असतं!" मग ती मुलाकडे वळली. आवाज अगदी खाली आला. "माझ्या पेशींनी दगा दिला, त्याचं मला एवढं वाटत नाही रे. त्यांना मी अंगाखांद्यावर खेळवलं नव्हतं."

"त्याला बोलू नकोस," बाबा मध्येच म्हणाले. "पोर माझ्या शब्दाबाहेर नाही."

मुलाने बाबांकडे पाहिलं. आईवर घातलेलं तेच पांघरूण आता त्याच्यावर घातलं जात होतं, आणि ते किती उबदार असतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तो गप्प राहिला असता, तर बाबांनी हा दोष जन्मभर बिनतक्रार वाहिला असता.

"आई," तो म्हणाला. "बाबा एवढंच म्हणाले होते, तिला सांगू नकोस. खोटा कागद करायला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्याच डोक्यातून निघालं."